पत्र्यातले सरदार

आमच्या गल्लीतले सरदार धंद्याने कूलरवाले. एप्रिल-मे म्हणजे त्यांची सुगी. सगळ्या सोलापुरातून लोक घामाने निथळत त्यांच्या शेडपाशी येतात, "आज देतो म्हणला होता की हो" म्हणून तणतणतात, आणि सरदार आत पाठमोरे बसून पत्रा ठोकत असतात. गिऱ्हाइकाला वाटतं, आपल्याच कूलरची बॉडी चालली आहे. प्रत्यक्षात चाललेली असते सरदारांची मांडी.

"मांडी?" नवं गिऱ्हाईक चक्रावतं.

"डावी," शेडमधला पोरगा पत्रा धरल्या धरल्या सांगतो. "उजवी काल झाली. तुमचा कूलर पंधरा तारखेनंतर."

कारण चौदा तारखेला मिरवणूक असते. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, त्यामुळे जयंती मे महिन्यात येणार याला कोणाचा इलाज नाही. सोलापुरात त्या सुमाराला पारा चाळिशीच्या वर मुक्कामाला असतो. संध्याकाळी पाचला निघालं तरी दिवसभर तापलेलं डांबर खालून आणि भिंती दोन्ही बाजूंनी उष्णता परत करत असतात. मंडळाची बाकीची मंडळी शहाणी आहेत. पांढरा झब्बा, डोक्याला फेटा, खिशात कांदा. सरदारांना मात्र नखशिखांत चिलखत लागतं. तेही कड्यांचं नाही, सबंध पत्र्याचं. युरोपातले नाइट घालायचे तसलं. गुडघ्याला वाटी, कोपराला वाटी, बोटांवर खवले आणि तोंडावर वर-खाली होणारी झडप.

हे खूळ त्यांच्या डोक्यात मुंबईत शिरलं. कूलरच्या मोटारी आणायला गेले होते, गाडीला वेळ होता, म्हणून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेले. तिथे अकबराचं १५८१ सालचं पोलादी कवच आहे. ते बघून माणसाला इतिहास आठवावा. सरदारांना गेज आठवलं. "आपल्या अठरा गेजात सहज बसतंय," असं ते परत आल्यावर पहिलं वाक्य बोलले. मग कुणीतरी मोबाइलवर नाइट लोकांचा व्हिडिओ दाखवला आणि अकबरही मागे पडला.

गल्लीतल्या निवृत्त इतिहास-गुरुजींनी पहिल्याच दिवशी आक्षेप नोंदवला. "मराठ्यांनी असलं काही घातलं नव्हतं."

"मग काय घालायचे?"

"कड्यांचं चिलखत. त्यातून वारा खेळतो. नाहीतर रुई भरून शिवलेला जाड अंगरखा. अगदी पत्राच म्हणाल तर चार-आईना. छातीला एक, पाठीला एक, बगलेला दोन. चार पत्रे, पट्ट्यांनी बांधलेले, मधे फटी. आपल्याकडच्या हवेत माणूस शिजू नये म्हणून हे शहाणपण होतं."

"आवो गुरुजी, कड्या ओवत बसलो तर पुढच्या शतकातल्या जयंतीला होईल. माझ्याकडं पत्रा हाय, कातर हाय, वाकवायचं मशीन हाय. हाय त्याच्यात करायचं की."

"प्रतापगडावर महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं, मान्य. पण १० नोव्हेंबर १६५९. मार्गशीर्षातली सप्तमी, आणि जावळीचं खोरं. तुम्ही मे महिन्यात नव्या पेठेतून जाणार."

"थंडीत काय, कुणी बी घालतंय," सरदार म्हणाले.

या एका वाक्यात सगळा माणूस आला. गावोगावी अशी एक जात असते. दुसऱ्याच्या अडचणीवर यांच्याकडे पक्का, स्वस्त आणि टिकाऊ तोडगा असतो. स्वतःची अडचण मात्र ते हौसेने, वर्गणी काढून, वाजतगाजत घरी आणतात. उष्णता म्हणजे काय हे सरदारांना जितकं कळतं तितकं आमच्या सायन्सच्या मास्तरांना कळत नसेल. गिऱ्हाइकाला कूलर समजावून देताना ऐकावं. "पाणी नुसतं असून उपयोग नाही. पाणी उडालं पाहिजे. उडताना ते गरमी घेऊन जातंय. म्हणून खिडकी उघडी ठेवायची, आतली दमट हवा भाईर गेली पाहिजे. खिडकी लावून कूलर लावला की झालं तुमचं न्हाणीघर." मुंबईच्या पाहुण्यांना ते कूलर विकतच नाहीत. "तिथली हवाच पाणी पिऊन तर्र बसलीया. तिला आनि कुठं पाणी पाजता?"

माणसाचं अंगही याच तत्त्वावर चालतं. एक लिटर घाम कातडीवरून उडाला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता ओघळला तर बनियन भिजवून जातो, बाकी काही नाही. सोलापूरची कोरडी हवा घाम उडवायला फार चांगली. आणि या हवेत, इतकं सगळं ज्ञान असलेला हा गृहस्थ स्वतःच्या सगळ्या खिडक्या बोल्टने आवळून बंद करतो.

बोल्टने म्हणजे खरोखर बोल्टने. युरोपात हे पत्रे चामड्याच्या पट्ट्यांनी बांधत, आणि ते बांधायला-सोडायला हाताखाली एक पोऱ्या असे. सरदारांना पट्टे पसंत पडले नाहीत. "पट्टा ढिल्ला पडतो. नट-बोल्ट म्हणजे काम पक्कं." दहा नंबरचा पाना लावून शेडमधल्या पोराने त्यांना पहिल्या वर्षी आत बसवलं. भंगारवाल्याच्या काट्यावर चिलखत आधीच तोललं होतं, एकोणीस किलो भरलं होतं. घोडेवाल्याने आधी सरदारांकडे पाहिलं, मग घोड्याकडे पाहिलं, आणि दोघांच्या वतीने नाही म्हटलं. तेव्हा सरदार चालत निघाले.

पहिला अर्धा तास दृष्ट लागण्यासारखा गेला. उन्हात पत्रा असा चमकत होता की समोरून येणारे रिक्षावाले हात आडवा धरत होते. पोरं जवळ येऊन बोटाने टकटक करायची, आतून "काय बे" असा पिंपातला आवाज आला की पळायची. वहिनी, म्हणजे सरदारांच्या मंडळी, हातात मठ्ठ्याची कळशी घेऊन फुटपाथने समांतर चालत होत्या. दर चौकात झडप वर करायची, तांब्या लावायचा, झडप खाली. टाकीत पाणी भरायची त्यांना सवय आहे.

चौकात मंडळाच्या अध्यक्षांनी माईक पुढे केला. "सरदार, द्या गारद!"

सरदारांनी हात वर केला. खोल श्वास घ्यायला गेले, पण छातीवरचा पत्रा फुगेना. क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग झडपेच्या फटींतून खणखणीत आलं, "अठरा इंची साडेचार हज्जार! चोवीस इंची सहा! पंप वेगळा, ट्रॉली वेगळी!"

लोकांनी सवयीने "जय!" म्हटलं.

गल्लीतले डॉक्टर लेझीम टाकून धावत आले. "खाली बसवा याला. उष्माघात आहे. माणूस असंबद्ध बोलतोय."

"असंबद्ध कुठं?" शेडमधला पोरगा म्हणाला. "रेट बरोबर हायती."

"घाम असो-नसो, उन्हात कष्ट करणारा माणूस बरळायला लागला की अंगातला ताप चाळीस अंशांच्या वर गेलाय असं धरून चालायचं. आधी गार करायचं, बाकी सगळं मग. काढा तो पत्रा!"

आणि तेव्हा कळलं की पाना शेडमध्ये राहिला आहे. पोरगा मोटारसायकलवर गेला तो येईपर्यंत शेजारच्या रसवंतीवाल्याने बर्फाची अख्खी लादी फोडून दिली. लोक चिलखताच्या गळ्यातून बर्फ आत टाकत होते. एका दुकानदाराने टेबलफॅन वायरसकट रस्त्यावर आणला. सगळे बोल्ट निघाले तेव्हा आत जे सापडलं ते सरदार होते यावर बराच वेळ विश्वास बसत नव्हता. रात्रभर सलाइन लागलं. सकाळी डोळे उघडून त्यांनी विचारलं, "माझी डावी वाटी कुणी चेपली बे?"

इथे दुसरा कोणी असता तर पत्रा कूलरला लावून मोकळा झाला असता. सरदारांनी हा प्रश्न धंद्याचा म्हणून हातात घेतला. पुढचे आठ महिने शेडमध्ये संध्याकाळी डॉक्टर, गुरुजी आणि सरदार अशी बैठक बसायची. मी चहापुरता जायचो आणि रात्री जेवायला उशीर करून घ्यायचो.

डॉक्टरांनी मोबाइलवर लीड्स विद्यापीठातल्या लोकांचा अभ्यास शोधून काढला. २०११ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आलेला. पंधराव्या शतकातल्या चिलखतांच्या हुबेहूब नकला अंगावर चढवून सराईत माणसांना ट्रेडमिलवर चालवलं, पळवलं, आणि त्यांचा प्राणवायू मोजला. नुसत्या चालण्याला दुपटीहून जास्त ताकद लागली. तेवढंच वजन पाठीवरच्या पोत्यात असतं तर इतकी लागत नाही, पण हे वजन नडगीवर, पावलावर असतं. प्रत्येक पावलाला तो पत्रा उचलायचा आणि झोकायचा. त्यात छाती आवळलेली, श्वास उथळ.

"म्हणजे गरमी उन्हाची नव्हे," सरदार विचारात पडले.

"उन्हाची असतेच, पण तुमच्या आतच भट्टी चालू आहे," डॉक्टर म्हणाले. "स्नायूंनी काम केलं की तीन-चतुर्थांशाहून जास्त ताकदीची उष्णताच होते. ती बाहेर पडायला वाट नाही."

गुरुजींनी लगेच दाखला दिला. १४६१ सालच्या मार्चची अखेर, इंग्लंडमधलं टॉटन. तिथला लॉर्ड क्लिफर्ड लढाईच्या आदल्या दिवशी उकाड्याने म्हणा, दुखण्याने म्हणा, गळ्याचा पत्रा काढून बसला आणि नेमका बाण गळ्यात आला. असं बखरकार सांगतात. "आणि दुसऱ्या दिवशी तिथे बर्फाचं वादळ होतं! बर्फ पडणाऱ्या मुलखात माणसाला गळपट्टा नकोसा झाला, सरदार. तुम्ही कुठं निघालाय?" मग ते पॅलेस्टाइनला गेले. ११८७, ४ जुलै, हत्तीनचं मैदान. ख्रिस्ती फौज चिलखतं घालून उन्हात, पाण्यापासून तोडलेली, आणि सलाहुद्दीनने भोवतीचं वाळलेलं गवत पेटवून दिलेलं. तहानेनंच निम्मी लढाई हरली. त्यानंतर गुरुजी घराजवळ आले. "आपल्याच जिल्ह्यात औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ होती. ब्रह्मपुरीला, भीमेच्या काठी. माचणूरचा किल्ला त्याच वेळचा. चार उन्हाळे काढले त्या मोगल सरदारांनी. काय केलं असेल त्यांनी मे महिन्यात?"

"काय?"

"सावलीला बसले असतील."

सरदारांनी यातलं फक्त नदीचं पाणी लक्षात ठेवलं. दुसऱ्या वर्षी चिलखतात कूलर बसला. पाठीवर बारा व्होल्टची बॅटरी, कमरेला छोटा पंप, दोन्ही बगलांत वाळ्याचे ताटे आणि मानेखाली पंखा. चालू केल्यावर गल्लीभर वाळ्याचा वास सुटला. मिरवणुकीत सरदारांच्या मागे कधी नव्हे ती गर्दी झाली. ती भक्तीने झाली असं अध्यक्षांना वाटलं. पंखा आतली हवा पाठीमागून बाहेर फेकत होता, आणि सोलापूरकर गार हवा सोडून जाईल कशाला? एक आजी तर नातवाला कडेवर घेऊन मधल्या मारुतीपर्यंत त्यांच्या पाठीला पाठ लावून चालल्या.

पण बॅटरीचं आणि पाण्याचं मिळून आणखी अकरा किलो झालं होतं, आणि ते ओढायला लागणारी भट्टी पंख्याच्या गारव्यापेक्षा मोठी निघाली. त्यात पंपाचा पाइप निसटला. पाणी मांडीतून नडगीत आणि नडगीतून बुटात उतरलं. सरदार पावलागणिक पचक-पचक वाजू लागले तेव्हा ढोल-पथकाने ताल बदलला. वहिनींना शॉकची धास्ती होती. बारा व्होल्टला काही होत नाही हे त्यांना नवऱ्याने अनेकदा सांगितलं होतं. पण नवऱ्याने उन्हाने काही होत नाही हेही आदल्या वर्षी सांगितलं होतं.

त्याच वर्षी गुरुजींनी एक प्रश्न विचारला. इतका मठ्ठा पिऊन, इतके बोल्ट लावून, मधेच लागली तर? त्यावर शेडमध्ये बराच वेळ शांतता होती. तिसऱ्या वर्षीच्या आराखड्यात पुढून एक झडप वाढली. कूलरच्या टाकीला पाणी सोडायला असते तशी.

तिसऱ्या वर्षीची तयारी मी जवळून पाहिली. डॉक्टरांनी अट घातली होती की अंगाला आधी सवय करा. उन्हात रोज थोडा वेळ कष्ट केले तर आठ-पंधरा दिवसांत शरीर शिकतं. घाम लवकर फुटायला लागतो, जास्त फुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. मग सरदार एप्रिलच्या अखेरीपासून रोज दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पंखा बंद करून हातपाय झाडू लागले. चारही बाजूंना विक्रीचे नवेकोरे कूलर, सगळे बंद, आणि मधे मालक लालबुंद होऊन उठाबशा काढतायत. ताकात मीठ घालून पेले मोजून प्यायचे. गिऱ्हाईक आत डोकावायचं आणि कूलर चालतो की नाही हे विचारायची हिंमत न होऊन परत जायचं.

एका दुपारी वहिनी डबा घेऊन आल्या. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. नवऱ्याकडे बघत त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आवो, पत्र्याच्या खाली काय घालूलालाव?"

"बनियन."

"बनियननं काय होतंय? आत काहीतरी पाणी धरणारं पाहिजे की. कूलरला ताटे लावता, स्वतःला नको?"

मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी चष्मा पुसत होते. युरोपातले लोक पत्र्याखाली रुईचा शिवलेला जाड डगला घालायचे. मार बसू नये म्हणून आणि पत्रा टोचू नये म्हणून. तो घामही शोषून घ्यायचा. हे गुरुजींनी आठ महिन्यांत एकदाही सांगितलं नव्हतं, कारण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

आता सोलापुरात कापडाला तोटा नाही. जुन्या मिलचा भोंगा बंद झाला तरी पूर्वभागात माग खडखडतात, आणि घरोघरी लग्नकार्यात आहेर म्हणून आलेल्या टॉवेलांची चळत कपाटात पडलेली असते. पहिला प्रयोग चादरीचा झाला. सोलापुरी चादर दोन पिढ्या फाटत नाही, हाच तिचा दोष निघाला. शिवलेला डगला ओला केल्यावर सरदारांना उभं राहता येईना. मग वहिनींनी टॉवेल काढले. टर्किशचे, फासे असलेले. त्या प्रत्येक फाशात पाणी बसतं आणि कापड अंगाला चिकटत नाही, मधे हवा राहते. सहा टॉवेलांचं बिनबाह्यांचं जाकीट वहिनींनी मशीनवर एका बैठकीत शिवलं. बादलीत बुडवलं, पिळलं, नवऱ्याला चढवलं, वरून पत्रे आवळले.

वीस मिनिटं उत्तम गेली. मग सरदार म्हणाले, "आत वाफ धरूलालीय."

"खिडकी," शेडमधला पोरगा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"मालक, तुमीच म्हणता की. दमट हवा भाईर गेली पायजे. खिडकी उघडा."

सरदार थोडा वेळ तसेच उभे होते. मग त्यांनी पोराला पाठ केली. "काढ. सगळी काढ."

पोराने पाना लावला आणि पाठीचा सबंध पत्रा उतरवला. मांड्यांचे आणि नडग्यांचे मागचे पत्रेही उतरले. एकोणीसातले आठ किलो कमी झाले. समोरून बघाल तर नखशिखांत पोलादी सरदार. मागून बघाल तर ओल्या टॉवेलातला गृहस्थ, ज्याच्या पाठीवर उन्हाचा कोरडा वारा लागत होता आणि टॉवेलातून पाणी उडत होतं. दहा मिनिटांनी ते म्हणाले, "गार लागूलालंय." मे महिन्यात, शेडमध्ये, भर दुपारी. वहिनींनी लगेच कपाळाला हात लावून ताप पाहिला.

प्रश्न राहिला इतिहासाचा. अर्धा सरदार गुरुजींना चालणार का? ते खुर्चीवरून उठले, एकदा समोरून पाहून आले, एकदा मागून. टॉवेलावर लाल धाग्यात 'शुभविवाह' विणलेलं होतं.

"चालेल," गुरुजी म्हणाले. "मराठा सरदार पाठ दाखवत नाही."

तीच त्या वर्षीची शिस्त ठरली. मिरवणुकीत सरदार कुठेही वळले नाहीत. कोणी मागून हाक मारली तर नुसता हात वर करायचे. परत फिरायची जागा आली तेव्हा ते सरळ पुढे चालत राहिले, तीन गल्ल्यांना वळसा घालून पुन्हा मिरवणुकीला मिळाले. त्या वळशात कोणीतरी त्यांचा मागून फोटो काढलाच. रात्रीपर्यंत तो गावभर फिरला. गारद मात्र त्यांनी शेवटपर्यंत शुद्ध दिली, एकही रेट न चुकता, म्हणजे एकही रेट मधे न येता. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि पुन्हा लेझीम उचलली.

फोटोमुळे अब्रू गेली असं वहिनींना वाटत होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच पलीकडच्या पेठेतल्या मंडळाचे लोक शेडवर हजर. पुढच्या जयंतीला त्यांना पाच सरदार हवे होते. बाहेर कूलरची गिऱ्हाइकं ताटकळत होती, पंधरा तारीख उजाडली होती. सरदारांनी कानावरची पेन्सिल काढली, वही उघडली आणि न हसता विचारलं,

"पाठीसकट पायजे का बिनपाठीचं? पाठीसकट घेतलं तर पाना फुकट."